शून्य थांबे

काचेचं दार त्याच्यासाठी उघडलं नाही, एवढंच झालं. तपासणी केंद्राचं दार, माणूस जवळ आला की आपोआप सरकणारं. त्याच्या आधी एक बाई कडेवरच्या पोरासकट आत गेल्या, त्यांच्यामागून खोकत खोकत एक आजोबा गेले, आणि तो पायपुसण्यावर येऊन उभा राहिला तर दोन्ही काचा जिथल्या तिथे. त्याने हात वर करून हलवला. काचेतही एक हात हलला, बाकी काही नाही. बाजूच्या खुर्चीवर बसलेला रखवालदार पेपरातून मान वर काढून म्हणाला, "एक पाऊल मागे घ्या आणि परत या. त्याला कधी कधी माणूस दिसत नाही." सहज म्हणाला तो, रोज दहा जणांना म्हणत असेल. पण त्याने पुन्हा हात हलवला नाही. हातात प्लास्टिकची फाइल होती, फाइलमध्ये कंपनीचं पत्र: शेवटची परीक्षा झाली की रुजू व्हावे, तत्पूर्वी डोळे, रक्त व छाती यांची तपासणी करून घ्यावी. तो रखवालदाराला म्हणाला, "नंतर येतो," आणि पायऱ्या उतरायला लागला. तिसऱ्या पायरीवर असताना मागे दार सरकल्याचा आवाज आला. त्याने वळून पाहिलं. आत कोणी गेलं नव्हतं, बाहेर कोणी आलं नव्हतं. दार उघडं होतं आणि रखवालदार पेपर वाचत होता.

भर दुपार होती. रस्त्यावर सावली अशी नव्हतीच. तो चालत राहिला, आणि टाचांतून तो धक्का पुन्हा यायला लागला, दर चार सेकंदांनी एक. गेल्या उन्हाळ्यात पहिल्या दिवशी कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं तेव्हा तो आधी टाचांनाच कळला होता, कानांना नंतर. पत्रा दाबणारी मोठी प्रेस, दोन मजली उंच. वरून लोखंडाचा ठोकळा खाली यायचा, सपाट पत्र्याचा दाराचा आकार व्हायचा, ठोकळा वर जायचा. त्या आठ आठवड्यांत त्याचं चालणं, जेवणं, आंघोळीचं पाणी अंगावर घेणं, सगळं त्या तालात बसलं होतं. कॉलेजातून सहा जणांची निवड झाली होती, एवढ्या मोठ्या कंपनीत प्रशिक्षणासाठी. आई चाळीतल्या चारही मजल्यांवर सांगून आली होती. प्रेसवर मास्तर होते. ते काही शाळेतले मास्तर नव्हते, ऑपरेटर होते, तीस वर्षांचे जुने. पण नवा येणारा प्रत्येक जण त्यांच्याच हाताखाली शिकायचा म्हणून मास्तर. उन्हाळ्यात येणाऱ्या पोरांना ते पाहुणे म्हणायचे. "या पाहुणे," पहिल्या दिवशी ते म्हणाले, "आठ आठवडे राहा, चहा प्या, कशाला हात लावू नका, आणि जाताना आमच्याबद्दल चार बरे शब्द लिहून जा." आणि आपल्या स्टीलच्या पेल्यातला अर्धा चहा त्यांनी झाकणात ओतून त्याच्यापुढे धरला होता. उजव्या हाताने. हे 'उजव्या हाताने' त्याला हवं तेव्हा आठवायचं नाही आणि नको तेव्हा आठवायचं.

त्याचं काम सोपं होतं. मशीन किती वेळा थांबते आणि का थांबते, ते लिहायचं. हातात थांबघड्याळ, मांडीवर तक्ता. मार्गदर्शक म्हणून नेमलेले इंजिनियर, सगळे त्यांना साहेबच म्हणत, काही वाईट माणूस नव्हते. सडपातळ, पित्ताचे, खिशात कायम गोळ्यांची पट्टी, मुलीच्या बारावीच्या काळजीत बुडालेले. त्यांना वरून विचारणा होत होती की ही मशीन इतकी थांबते कशी. त्याने मोजलं: एका पाळीत एक्केचाळीस थांबे. त्यांतले सव्वीस पडद्यामुळे. पडदा म्हणजे मशीनच्या तोंडापुढे उभा असलेला न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. त्यात माणसाचा हात गेला की ठोकळा जागच्या जागी थांबायचा. पण तेलाचे बारीक कण काचांवर बसले की हात नसतानाही त्याला हात दिसायचा. मास्तर शिंकले आणि योगायोगाने मशीन थांबली की ते ओरडायचे, "लिहा पाहुणे, कारण: मास्तरांना सर्दी!" तो हसायचा आणि लिहायचा: पडदा. सव्वीस वेळा पडदा. साहेबांनी तक्ता पाहून त्याच्या पाठीवर थाप मारली होती. आजवर त्याच्या पाठीवर अशी थाप वडिलांशिवाय कोणी मारली नव्हती.

चौकातल्या रस्त्यावर बस थांबली होती आणि कंडक्टर दारात लोंबकळत प्रवाशांना आत ढकलत होता. त्याची नजर आपोआप कंडक्टरच्या हाताकडे गेली. पाच. ही खोड गेल्या आठ महिन्यांतली. दुकानदाराने सुटे पैसे दिले की तो बोटं मोजायचा, प्राध्यापक फळ्यावर लिहायचे, तो बोटं मोजायचा, ताईचं बाळ पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा त्याने आधी बोटं मोजली आणि ताई हसून म्हणाली होती, "पुरेशी आहेत रे, मी मोजून घेतली आहेत." घरात सगळे हसले. तो मोरीत जाऊन नळ सोडून बसला होता.

तार पिवळी होती, वीतभर. साहेब म्हणाले, "आपण फक्त बघतोय. पडदा दोन तास बाजूला ठेवला तर किती फरक पडतो, एवढंच. आकडा मिळाला की वर नवीन पडदा मागता येईल." म्हणजे हेतू चांगलाच होता, हे तो स्वतःला सांगत आला होता आणि ते खोटंही नव्हतं. मास्तरांची त्या दिवशी सुट्टी होती. मशीनवर दुसरा ऑपरेटर होता, त्याला बजावलं होतं की आज पडदा नाही, हात सांभाळ. साहेबांनी किल्लीने पॅनेलचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जागा अडचणीची आहे. तुझी बोटं बारीक आहेत, तू लाव." त्याने लावली. दोन खिट्ट्यांच्या मध्ये तारेची दोन टोकं, दोन स्क्रू, की पडद्यात काही गेलं तरी मशीनला कळणार नाही. मग दोन तास एकही थांबा नाही. तीन तास झाले. साहेब म्हणाले, राहू दे पाळी संपेपर्यंत. दिवसभरात शून्य. तक्त्यावर शून्य लिहिताना त्याने ते जरा मोठंच काढलं होतं, दोनदा गिरवलं होतं. पाच वाजता साहेब त्याला थेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये घेऊन गेले, तिथे गार हवा होती, काचेच्या ग्लासात पाणी आलं, मोठे साहेब म्हणाले, "वा, कुठल्या कॉलेजचा?" आणि तिथून तो धावत साडेपाचच्या बसमध्ये चढला. तार पॅनेलमध्येच राहिली. विसरलो. आठ महिने त्याने हा शब्द तोंडात धरून ठेवला होता, खडीसाखर धरावी तसा, आणि तो विरघळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर ओळखपत्र दाखवत असताना त्याच्या टाचांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जमीन नुसती जमीन होती. आत गेला तर शेडमधल्या सगळ्या मशीन बंद, माणसं घोळक्याने उभी. मास्तरांना दवाखान्यात नेलं होतं. एक जण प्रेसपुढे लाकडाचा भुसा पसरत होता. आणि त्यानंतर त्याने जे केलं ते त्याने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं: तो आपल्या रोजच्या स्टुलावर बसला, तक्ता मांडीवर घेतला आणि भिंतीवरच्या, प्रेस थांबताच बंद पडलेल्या मोजणीयंत्रावरून वेळ पाहून लिहिलं, थांबा क्रमांक एक, सात वाजून बारा मिनिटं. 'कारण' या रकान्यापाशी पेन आलं तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण लिहितो आहोत.

"इंटर्नला पॅनेल उघडायची परवानगी नसते," त्या दुपारी साहेब म्हणाले होते. दार लावलेलं, पंखा बंद, गोळ्यांची पट्टी टेबलावर रिकामी. "परवानगी नसते, म्हणजे तू उघडलं नाहीस. समजतंय का? तू कुठल्याच कागदावर नाहीस. नसलेल्या माणसाला कोण काय विचारणार?" हे ते त्याला धीर द्यायला म्हणाले होते. तो आपला धाकटा भाऊ असल्यासारखा त्यांनी त्याचा खांदा धरला होता. चौकशीत निघालं की ऑपरेटरने मशीन थांबू नये म्हणून स्वतःच तार लावली. जुने लोक पूर्वी, पॅनेलला कुलूप नव्हतं तेव्हा, लावायचेही. मास्तरांनी पूर्वी लावलेलीही चारचौघांनी पाहिली होती. अहवालात ते दोन ओळींत आलं. मास्तरांची नोकरी गेली. त्याच्या प्रकल्पाला कॉलेजात पहिला क्रमांक मिळाला. सादरीकरणाच्या पडद्यावर भलं मोठं शून्य आलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांचाही ताल त्याला दर चार सेकंदांनी ऐकू आला.

चालता चालता तो वडिलांच्या सलूनपुढे आला होता. यायचं ठरवलं नव्हतं. दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसायचं. वडील खुर्चीत बसून आरशातल्या स्वतःकडे न पाहता डुलक्या घ्यायचे. त्याला पाहून उठले. "झाली तपासणी?"

"गर्दी होती."

वडिलांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बस. मानेवर जंगल झालंय. असा जाणार का कंपनीत?" त्यांनी खुर्ची झटकली, त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं. लहानपणापासून त्याचे केस दुसऱ्या कोणी कापले नव्हते. कात्री कानामागे चुरूचुरू करायला लागली. वडिलांची बोटं गार असत, साबणाचा आणि तुरटीचा वास असलेली. डोकं कुठे वळवायचं ते ती न बोलता सांगत. त्या बोटांखाली त्याला एकदम झोप यायला लागली, ताप उतरताना येते तशी, आणि त्या झोपेतच तो म्हणाला, "बाबा, तुमच्या हातून कधी कोणाला लागलंय?"

"लागलंय की. एकाचा कान. अजून येतो तो, तो कान माझ्याकडे करूनच बसतो." वडील हसले. मग कात्री थांबली. "का रे?"

त्याने सांगितलं. आरशात वडिलांकडे न पाहता, पुढ्यातल्या पावडरच्या डब्याकडे पाहत. मास्तर, पडदा, तार, साहेब. कापड गळ्याशी घट्ट होतं आणि दोन्ही हात कापडाखाली होते, त्यामुळे सांगणं सोपं गेलं. शेवटी म्हणाला, "संध्याकाळी काढायची होती. विसरलो."

रस्त्यावरून कोणाची तरी सायकल खडखडत गेली. मग त्यांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "विसरलास?"

"हो."

"तू कुठे काही विसरतोस? सहा वर्षांचा होतास तेव्हा दुकानाची कडी लावली का बघायला मला अर्ध्या रस्त्यातून परत पाठवायचास." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी ब्रश घेतला, मानेवरचे केस झटकले, कापड सोडलं आणि दाराबाहेर नेऊन झाडलं. आत येऊन म्हणाले, "घर माहीत आहे त्यांचं?"

"माहीत आहे. तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आलोय."

"मग जिना चढायचा राहिलाय." आणि ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले, पण या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. तो दारातून बाहेर पडेपर्यंत ते त्याच्याकडे बघत होते.

मास्तरांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, खाली टायरचं दुकान. जिन्यात रबराचा वास. दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. हात पिठाचे, कपाळावर घाम. "कोण हवंय?" आत मास्तर खिडकीपाशी बसले होते, उजवा हात उशीवर ठेवलेला, त्यावर पंचा. डाव्या हाताने ते वाटाणे सोलत होते, अंगठ्याने शेंग फोडायची, दाणे ताटलीत, सालं मांडीवर. ते बारीक झाले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"विम्याकडून आलात का?"

"नाही मास्तर. मी... गेल्या उन्हाळ्यात. पाहुणे म्हणायचात तुम्ही."

"पाहुणे दर वर्षी पाच-सहा असतात," मास्तर म्हणाले. मग शेंग हातातच राहिली. "घड्याळवाला! तक्ता घेऊन बसायचास. अगं, हा तो घड्याळवाला पाहुणा. बस, बस. काय म्हणतं तुझं शिक्षण?" आणि त्यांना खरंच आनंद झाला होता. आठ महिने ज्या माणसाने त्याच्या झोपेत शिरून त्याच्याकडे नुसतं बघत बसावं, तो माणूस त्याला ओळखतही नव्हता. आणि ओळखल्यावर हसला होता. त्याला वाटलं, पाणी पिऊन, खुशाली विचारून, उठून जाता येईल. खाली वाहनांचा आवाज होता आणि तो आवाज कसल्याच तालात नव्हता.

"मास्तर, ती तार मी लावली होती."

मास्तरांच्या बायकोचे हात परातीत थांबले.

"कुठली तार?" मास्तर म्हणाले. मग मान हलवली. "छे रे. ती मी लावली. सकाळी आलो, पडदा त्रास द्यायला लागला, ड्रॉवरमधून तारेचा तुकडा घेतला. पिवळा होता. पॅनेल उघडलं आणि..." ते हवेत डाव्या हाताने स्क्रू पिळत होते, अगदी सफाईने. "मला सगळं आठवतं. चौकशीत पहिल्यांदा मी नाही म्हणालो होतो. पण ते तीन-तीनदा विचारत होते, कागद दाखवत होते. मग हळूहळू आठवलं. माझ्यासारख्या जुन्या माणसाने असं करावं! त्याचंच वाईट वाटतं. हात गेला त्याचं एक वेळ नाही वाटत."

"तुम्ही आदल्या दिवशी सुट्टीवर होतात. मी आदल्या दिवशी लावली. पॅनेलची किल्ली साहेबांकडे असते, मास्तर. तुमच्याकडे कधी होती का किल्ली?"

मास्तरांचा डावा हात अजून हवेत होता. त्यांच्या चेहऱ्यावर एखादं घर आतून बदलावं तसं काही तरी होत होतं, भिंती हलत होत्या, आणि ते बघवत नव्हतं. त्याला कळलं की आपण नुसतं आपलं ओझं उतरवायला आलो नाही. या माणसाने आठ महिने खपून बांधलेली एक आठवण आपण पाडतो आहोत, आणि तिच्या जागी ठेवायला आपल्याकडे फक्त आपण आहोत.

मास्तरांच्या बायकोने हात पदराला पुसले. फडताळातून मुलीची जुनी वही काढली, मागची कोरी पानं शोधली, आणि पेनासकट त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली. "लिहून दे," त्या म्हणाल्या. "मी रोज सांगत होते यांना, तुम्ही नाही, तुम्ही नाही. माझं कोण ऐकतंय? लिही. आणि खाली पूर्ण नाव घाल, वडिलांच्या नावासकट."

त्या कागदाचं पुढे जे झालं ते बरंच लांबलं. कारखान्यांच्या सरकारी निरीक्षकाकडे तो कागद गेला, चौकशी पुन्हा उघडली, साहेबांनी आधी नाकारलं आणि मग एका सकाळी स्वतःहून येऊन कबूल केलं, मास्तरांवरचा डाग पुसला गेला. त्याला कंपनीने चार ओळींचं पत्र पाठवून येऊ नका म्हणून कळवलं, कॉलेजने पहिला क्रमांक काढून घेतला, आणि पदवीनंतर कुठेच काम मिळेना तेव्हा दोन वर्षं तो एका वर्कशॉपमध्ये मशीनच्या संरक्षक जाळ्या बसवत होता. पण ते सगळं नंतर. त्या दुपारी तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्याने साहेबांपासून सुरुवात केली, मग पॅनेल, मग बारीक बोटं. अक्षर चांगलं येत होतं. शून्यापर्यंत आला. मोठ्या साहेबांची केबिन, साडेपाचची बस.

"दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिली कशी?" मास्तरांनी विचारलं. आवाज कोरडा होता. पाहुणे म्हणणारा नव्हता.

पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. विसरलो, असं लिहायला एक शब्द लागला असता. त्याला ती संध्याकाळ दिसत होती: ताट, आईने दुसऱ्यांदा वाढलेला भात, आणि त्याचा पहिला घास घेताना पॅनेलच्या आतली ती पिवळी तार एकदम लख्ख डोळ्यांसमोर येणं. साहेबांचा नंबर वहीत होता. फोन खिशात होता. आणि त्याने घास गिळला होता.

त्याने लिहिलं. मग वही उचलून मोठ्याने वाचलं, कारण मास्तरांचा चष्मा जवळ नव्हता. "मला रात्री जेवताना आठवलं होतं. मी फोन केला नाही. एका दिवसाचं शून्य योगायोग समजतात. मला दुसऱ्या दिवशीचंही शून्य हवं होतं. सकाळी लवकर जाऊन सांगू असं ठरवलं आणि नेहमीच्याच बसने गेलो."

मास्तरांच्या मांडीवरून एक शेंग घरंगळत फरशीवर पडली. ते उशीवरच्या पंच्याकडे बघत होते. बायकोने काही म्हणायला तोंड उघडलं, पण मास्तरांनी डावा हात वर केला.

"आता जा तू," ते म्हणाले. "चहा विचारणार नाही. चांगलं केलंस असंही म्हणणार नाही. जा."

त्याने नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, तारीख घातली, वही बायकोच्या हातात दिली आणि चपला घातल्या. जिन्यात रबराचा वास तसाच होता. तो पहिल्या मजल्यापर्यंत उतरला असेल, तोच वर दार उघडल्याचा आवाज आला, मग पावलं, मग शेजारचं दार कोणी तरी हाताने जोरजोरात ठोठावत होतं. तो कठड्याला धरून थांबला. शेजाऱ्यांनी दार उघडलं असावं. "अहो, ऐका," मास्तरांचा आवाज आला, आधी अडखळत, मग इतका मोठा की खालच्या टायरवाल्यानेही मान वर केली, "ती तार मी लावली नव्हती. ऐकताय ना? मी नव्हतोच." ते पुढच्या दाराकडे गेले आणि ते ठोठावायला लागले.